काहिलीवरची हाक

कऱ्हाडच्या खाली, कृष्णेच्या काठाला लालासाहेबांचं गुऱ्हाळ. तिथं बनुबाई एकतीस हंगाम उभी राहिली. काम एवढंच, की एरंडाच्या बिया वाटून पाण्यात कालवायच्या आणि काहिलीतला, म्हणजे त्या भल्यामोठ्या कढईतला, उसाचा रस उकळून फेस चढायला लागला की डहाळीनं त्यावर शिंपडायचं. फेस निमूट खाली बसायचा. जरा उशीर झाला, तर रस काठावरून थेट जाळात. म्हणून गूळ शिजवणारा बिराप्पा दिवसातून पन्नासदा ओरडायचा, “बनाक्का, आला!”

तिचा नवरा वारला. मुलगा जोतीराम शिरवळला चघळायच्या गोड गोळ्यांच्या कारखान्यात लागला. गावात ती जोतीरामची आई आणि फोनवर नातवंडांची आजी. गुऱ्हाळाचे चार महिने तेवढी ती बनाक्का असायची.

यंदा दिवाळी झाल्यावर ती बियांचं गाठोडं घेऊन गेली, तर काहिलीशेजारी एक पांढरी बाटली.

“ह्यातलं एक टोपण टाकलं की फेस गप,” लालासाहेब म्हणाले. “तुमच्या जोतीरामानंच सांगितलं. त्येंच्या कारखान्यात पाकात हेच घालत्यात. म्हणला, आई सत्तरीची झाली, वाफंत किती उभी ऱ्हाणार?”

“आवं, पण खायला चालतंय का ते?”

“खायच्या जिनसांसाठीच केलंय, बनाक्का.”

बाटली फसावी, असं तिला वाटलं. खोटं कशाला बोला? पण फेस काठापर्यंत आला, बिराप्पानं टोपण ओतलं आणि फेस कधी आलाच नव्हता असा विरून गेला. वास नाही, डाग नाही. नाव ठेवायला जागा नव्हती.

“चांगलं हाय,” ती म्हणाली.

“पर बाटलीला शिव्या घालता येत न्हाईत,” बिराप्पा हसला. “तुमाला घालत हुतो, ती मजा गेली बगा.”

लालासाहेबांनी प्लास्टिकची खुर्ची आणवली, पानावर गरम गूळ दिला. पाहुणीसारखी ती बसली. एकतीस हंगामांत त्या काहिलीपाशी ती पहिल्यांदाच बसत होती. तीन काहिली उतरल्या. बिराप्पाला एकदाही ओरडावं लागलं नाही. मग ती गाठोडं उचलून घरी आली.

संध्याकाळी जोतीरामचा फोन आला.

“आई, आता बरं हाय न्हवं? निवांत बसायचं. गोळ्या पाठवल्यात त्या खाल्ल्यास का?”

“लय चमकत्यात रं.”

“त्येंच्यावर मेणाचा हात फिरवतो आमी. खायचं मेण असतंय.”

“आन् बाटलीचं चांगलं केलंस, बाळा. पाय लय दुखायचे.”

ह्याहून जास्त काय सांगणार? त्यानं मायेनंच केलं होतं.

गोळ्यांचा डबा फळीवर ठेवून तिनं चुलीवर मूठभर डाळ चढवली. एकटीच्या डाळीला ते पातेलं मोठंच होतं. तरी आज पाणी जास्त झालं असावं, किंवा जाळ. फेस वर चढू लागला. शेंगतेलाची वाटी हाताशीच होती. थेंबभर तेलाचं काम. पण हात उठेना. कान दाराकडं लागलेले. फेस काठाला टेकला.

“बनाक्का, आला!” ती मोठ्यानं म्हणाली.

आणि मग तिनं तेल सोडलं.