सगळ्या फोटोंखाली बदाम

“पण काका, मी अजून उघडलंच नाही ते,” ती म्हणाली.

फोटोकाकांचा हात माऊसवरच राहिला. पडद्यावर तिचे आणि तिच्या लेकीचे फोटो ओळीने मांडले होते, आणि एकूण एक फोटोखाली लाल बदाम उमटला होता. आवडलेल्या फोटोखाली गिऱ्हाईकाने दाबायचा, तो बदाम. काका नुकतेच चेष्टेने म्हणाले होते, “काय गं, सगळेच आवडले? एखाद्याला तरी नाव ठेवायचंस!”

“उघडलं नाही म्हणजे?”

“मोबाईल दुरुस्तीला टाकलाय. म्हणून तर इथेच बघायला उतरले.”

स्टुडिओच्या वरच्याच खोलीत ती शिवणकाम करायची. तिचं मशीन सुरू झालं की काकांच्या छतातून आवाज झिरपायचा, उतारावरून पाणी धावावं तसा. त्या लयीत काका फोटो कापत, चौकटी पुसत. ती माउली कुठून आली, का आली, हे त्यांनी कधी विचारलं नाही. तिचं डावं मनगट मोडून वाकडं बसलं होतं. फोटो काढताना काकांनी ते अलगद लेकीच्या फ्रॉकमागे लपवलं होतं.

उभा जन्म काकांनी नमुन्याचे फोटो पाकिटातून दिले. पाकिटावर गिऱ्हाईकाचं पूर्ण नाव, सुवाच्य अक्षरात. फोटोवर तिरपा शिक्का: स्टुडिओचं नाव, शहर, गल्ली, ‘जिन्याखाली’. शिक्का मारला नाही तर लोक नमुनाच भिंतीवर टांगतात आणि फोटोवाल्याला विसरतात. काकांच्या परगावी असलेल्या लेकीने आता त्यांची वेबसाइट करून दिली होती. फोनवर तिने शिकवलं होतं, “बाबा, गॅलरी म्हणजे खोली समजा. प्रत्येक गिऱ्हाईकाची वेगळी खोली, प्रत्येक खोलीला कुलूप. पासवर्ड फक्त त्यालाच द्यायचा.”

पण गिऱ्हाइकांचे फोनच थांबेनात. उघडत नाही, शब्द चुकतोय, तुम्हीच दाबून द्या. काका वैतागले आणि त्यांनी सगळी कुलपं काढून टाकली. दारात आलेल्या माणसाला कुलूप काय दाखवायचं? बाकी सगळं मात्र पहिल्यासारखंच ठेवलं. खोलीच्या दारावर पूर्ण नाव. फोटोवर तिरपा शिक्का.

“खाली काहीतरी लिहिलंय,” ती म्हणाली.

शेवटच्या फोटोत लेक तोंडभर हसत होती. पुढचा दात नव्हता. त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं: ‘दात पडला वाटतं. पत्ता छान वाचता येतोय. येतो.’

ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

“पूर्ण नाव कशाला घातलंत, काका?”

“पाकिटावर घालतो तसंच...”

“नवऱ्याला तेवढंच हवं होतं. रोज नाव टाकून शोधत असणार.” तिने मनगट पदराखाली घेतलं. “मी ज्या घरातून पळून आले ना, त्या घराला मी तुमच्या शिक्क्यानिशी पत्ता धाडलाय.”

“तू नाही पोरी. मी धाडलाय.”

आतून काकू आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. “चल, लेकीला उठव. मी बोचकं बांधते,” एवढंच म्हणाल्या आणि दोघी जिना चढून गेल्या. काकांनी पडद्यावरची खोली पुसून टाकली. ‘कायमची काढून टाकायची का?’ असं यंत्राने विचारलं तेव्हा त्यांनी ‘हो’ दाबलं.

थोड्याच वेळात दारात चपला काढल्याचा आवाज आला.

माणूस नीटनेटका होता. इस्त्रीचा शर्ट, पाण्याने बसवलेले केस. बोलणं मध लावल्यासारखं.

“नमस्कार काका. तुमची गॅलरी अचानक बंद झाली बघा. प्रिंट हव्या होत्या मला. सगळ्याच.” त्याने मोबाईल पुढे केला. पडद्यावर लेक हसत होती, आणि तिच्या गालावरून तिरपा काकांचा पत्ता गेला होता. “हा शिक्का तुमचाच ना?”

हा शिक्का काकांनी आजवर कधी नाकारला नव्हता.

“माझाच.”

“मग बाई कुठंय?”

“गिऱ्हाईक येतं, जातं. मी कुणाच्या मागे जात नाही.”

आणि नेमकं तेव्हाच छतात मशीन सुरू झालं.

काका मनात म्हणाले, अगं वेडे, आत्ता कसलं शिवतेस? माणसाने मान वर केली. हळूहळू हसला.

“हात चांगला आहे तिचा शिवणाला,” तो म्हणाला. “जिना एकच ना?”

“एकच.”

“मग काय घाई आहे! काम संपलं की उतरेलच.” जिन्याकडे तोंड करून तो बाकावर बसला, मांडीवर हात ठेवून, फोटोला बसावं तसा.

मशीन धावत होतं, अडखळत होतं, पुन्हा धावत होतं. काका ऐकत राहिले. हे पाणी नव्हतं. ही ठेच खात चालणारी पावलं होती. लग्न झाल्यापासून जिला धड मशीन जमलं नाही, तिची.

काकांनी कॅमेरा उचलला.

“बसलाच आहात तर एक फोटो काढतो. असू द्या आमच्याकडे.”

“कशाला?” तो पहिल्यांदाच चपापला.

“चेहरा नीट येईल,” काका म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

तो उठला. एका उडीत दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. दार आपटलं. पावलं खोलीभर फिरली, गच्चीवर गेली, परत आली. मशीन थांबलं नाही. मग तो उतरला, काकांकडे न बघता चपला घालून निघाला. उंबऱ्याशी मात्र वळला.

“नाव माझ्याकडे आहेच,” तो म्हणाला.

काकू सावकाश खाली आल्या. हातात कापडाची लांब पट्टी होती.

“गच्चीवरून पलीकडच्या इमारतीच्या जिन्याने गेल्या दोघी मायलेकी,” त्या म्हणाल्या. “कुठे ते सांगू नकोस म्हटलं मीच तिला.”

काकांनी पट्टी हातात घेतली. सुरुवातीला वेडीवाकडी शिवण होती. पुढे दोरा संपला होता, आणि टोकापर्यंत नुसती सुईची भोकं. उजेडासमोर धरल्यावर त्यातून रस्ता दिसत होता.