लॉरेन्सने टीम बदलली

"मॅनेजर म्हणजे मान असतो, वहिनी." चंद्रशेखरने बशीतला केकचा तुकडा उचलला आणि लॉरेन्सकडे न बघता तो कुस्करत बसला. "उन्हात धावायला नको. खुर्ची टाकायची, ऑर्डर सोडायच्या. काय लॉरेन्सभाय?"

"बघू," लॉरेन्स म्हणाला.

मेबलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शारजातल्या कंपनीच्या क्रिकेट टीमसाठी तिचा नवरा लॉरेन्स लग्नाआधीपासून बोलिंग टाकत होता. शुक्रवार हा इथल्या सुट्टीचा वार, त्यामुळे चर्चमधली मोठी मिस्साही शुक्रवारीच. पण ती मेबलने कधी नवऱ्याच्या शेजारी बसून ऐकली असेल तर शपथ. लोक इस्त्रीचे कपडे घालून चर्चला निघत, तेव्हा हा इंडस्ट्रियल एरियामागच्या वाळूत, सिमेंटच्या पिचवर चटई ताणत असे. आणि ज्या पोराला यानेच बॉल कसा धरायचा ते दाखवलं, तो आज कॅप्टन होऊन, घरचा केक खात याला टीमच्या मॅनेजरची खुर्ची दाखवत होता.

चंद्रशेखर लिफ्टमध्ये शिरतो न शिरतो तोच ती वळली. "तोंडात मूग धरले होतेस?"

"काय बोलणार? नवी पोरं फास्ट टाकतात."

"तुला खेळायचंय की नाही?"

"खेळायचंय ना."

"मग तसं सांग त्याला."

"मी कसं सांगणार? त्यांनीच म्हणायला पाहिजे."

मेबलने कपाळाला हात लावला. त्यांनी म्हणायला पाहिजे. इकडे व्हर्नन, त्यांच्याच वसईचा माणूस, केटरिंगचा धंदा करून स्वतःची टीम काढलेला, महिनाभर फोन करून थकला होता: लॉरेन्स, माझ्याकडे ये, नवा बॉल तुझ्या हातात. त्यालाही या महाशयांचं उत्तर तेच, बघू. लीगचा रिवाज असा, की उन्हाळाभर सगळे मोकळे. पण ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी ज्या टीमची टोपी घालाल, तिचे वर्षभर. ज्याच्या डोक्यावर टोपी नाही तो घरी. आणि चाळिशी उलटलेल्या बोलरला एकदा घरी बसवलं, की परत कोण बोलावतो?

बुधवारी फोन पुन्हा वाजला. लॉरेन्स बाल्कनीत कपडे वाळत घालत होता. मेबलने उचलला.

"मेबल, हो की नाही तेवढं सांग बाई," व्हर्नन वैतागून म्हणाला. "परवा मॅच आहे."

नाही म्हटलं असतं तर काम झालं असतं. सगळे शुक्रवार तिचे. लेक सँड्राला मधे बसवून तिघं चर्चमधल्या एका बाकावर. ती बोलायला तोंड उघडणार, तोच सँड्राने तिचा गाऊन ओढला. "मम्मा, डॅडी इज डूइंग दॅट थिंग अगेन."

बाल्कनीत लॉरेन्सच्या दातांत चिमटा होता, डाव्या हातात ओला टॉवेल, आणि उजवा हात बॉल टाकल्यासारखा कानाला घासून गरागरा फिरत होता. समोरच्या बिल्डिंगमधली बाई बघत होती त्याची त्याला शुद्ध नव्हती.

"येतोय तो," मेबल फोनमध्ये म्हणाली. "नवा बॉल त्यालाच हं, व्हर्नन. नाहीतर गाठ माझ्याशी आहे. खलास."

लॉरेन्स आत आला तेव्हा तिने सांगून टाकलं.

"मला न विचारता?"

"विचारून दमले. तू बघू म्हणालास."

त्याने हातातला चिमटा टोपलीत टाकला. मग म्हणाला, "बरं."

पहिलीच मॅच नेमकी जुन्या टीमशी पडली. मिस्सा आटोपून मेबल नेहमीसारखी कटलेटचा डबा घेऊन मैदानावर आली, पाय नेतील तशी ओळखीच्या पजेरोच्या सावलीत गेली आणि बॉनेटवर डबा उघडला. चार हात आत पडले. पॅड बांधून बसलेला चंद्रशेखर कटलेट तोंडाशी नेता नेता थबकला. "वहिनी, आज पण आम्हाला?"

"मम्मा, राँग टीम," सँड्रा म्हणाली.

पलीकडच्या टोकाला व्हर्ननची टीम फील्डिंग करत होती. नवऱ्याला ऊठसूट शहाणपण शिकवणाऱ्या मेबलचे कान तापले. अर्धा डबा रिकामा झाला होता. उष्टा डबा उचलून कुठे नेणार? "खा आता," ती म्हणाली. "खा आणि आऊट व्हा."

लॉरेन्सचा पहिला बॉल बॅटला चकवून गेला. "शाबास, लॉरेन्सभाय," बॉनेटपाशी दोघातिघांच्या भरल्या तोंडातून आपसूक निघालं. मग एकाने दुसऱ्याला कोपर मारलं आणि सगळे गप्प चघळत राहिले. लॉरेन्सने ऐकलं असणार, पण त्याने वळून पाहिलं नाही.

पुढचा बॉल बॅटची कड घेऊन उडाला आणि स्लिपशेजारी, गलीत उभ्या माणसाच्या डोक्यावरून गेला. लॉरेन्सने नुसतं बोट हलवलं. जुन्या टीमला तेवढं पुरे असे. बोट हललं की माणूस हले. इथे कुणीच हललं नाही. गलीतला चष्मेवाला तर वर विमान बघत होता.

लॉरेन्स मानेवरचा घाम पुसत त्याच्यापर्यंत चालत गेला.

"भाई, नाम क्या आपका?"

"सत्यजित."

"सत्यजितभाई, जरा पीछे. थोडा और. बस."

तो परत फिरला आणि रनअपच्या खुणेकडे चालू लागला. लांबून मेबलला त्याचे ओठ हलताना दिसले. तो नाव पाठ करत होता.