पाच मिलिमीटर

कृत्रिम पायांच्या कार्यशाळेत तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि त्या आठवड्यात तर ती नावाला अगदी जागली होती. नोकरीचे चार दिवस उरले होते. पुढच्या महिन्यात परदेशी विद्यापीठ, दोन वर्षांचं शिक्षण, तेही आवडत्या विषयात: कृत्रिम पाय आणि माणसाची चाल. घरी दोन बॅगा आ वासून पडलेल्या. स्वेटर सकाळी एकीत जायचा, संध्याकाळी दुसरीत, दुसऱ्या दिवशी परत कपाटात. आई म्हणाली, "अगं, एकदा काय ते ठरव. त्या स्वेटरला चक्कर येईल आता."

पण तिचं काही ठरत नव्हतं. यंदा येणार की जागा वर्षभर पुढे ढकलायची, हे विद्यापीठाला आज पाचच्या आत कळवायचं होतं, आणि तिचं मन दोन्ही पर्यायांभोवती नुसतं फिरत होतं.

तिच्या जागी आलेले काका पन्नाशीचे, सायकलच्या कारखान्यात जन्म घालवलेले. त्यांच्यासाठी तिने वहीत सगळं लिहून ठेवलं होतं. प्लास्टर किती वेळात धरतं, कुठलं कपाट लाथ मारल्याशिवाय उघडत नाही, इथपर्यंत सगळं. फक्त 'नळीची लांबी' हे पान कोरं होतं.

त्याला कारण होतं. पेशंटच्या धडधाकट पायाचं माप कार्यशाळेचे मुख्य कारागीर, मास्तर, घ्यायचे आणि कार्डावर लिहायचे. त्या मापाची, कृत्रिम पायात बसणारी ॲल्युमिनियमची नळी भिंगरी कापायची. मग आतल्या खोलीत दार लावून मास्तर तो पाय पेशंटला बसवायचे. ती यंत्रकामाचा डिप्लोमा करून इथे आलेली, बाकी सगळं बघून बघून शिकलेली. पहिल्याच वर्षी तिने सहज एकाचं माप स्वतः घेतलं, तर मास्तरांचा आकडा पाच मिलिमीटरने कमी. मग दुसऱ्याचं घेतलं, तिसऱ्याचं घेतलं. दर वेळी पाच. मास्तर साठीला टेकलेले, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. तिने मनाशी पक्कं करून टाकलं की म्हाताऱ्याची नजर गेली. वरच्यांना कळलं असतं तर तीस वर्षांच्या नोकरीचा मान क्षणात धुळीला मिळाला असता. म्हणून ती प्रत्येक नळी गुपचूप पाच मिलिमीटर जास्त कापू लागली. तीन वर्षं कापत राहिली आणि कुणापाशी ब्र काढला नाही. मोठी शहाणी!

आता ते पान लिहिलं तर मास्तरांची अब्रू जाणार, नाही लिहिलं तर माणसं लंगडणार.

"ताई, कार्डावर असेल तेवढंच कापायचं ना?" काकांनी त्या दिवशी तिसऱ्यांदा विचारलं.

"हो. म्हणजे, थांबा जरा."

"किती थांबू? बाहेर पेशंट बसलाय."

"तुम्ही चहा घेऊन या, काका."

काका गेले तशी ती तडक मास्तरांपुढे जाऊन उभी राहिली. ते साच्यावरचं प्लास्टर खरवडत होते.

"मास्तर, मी यंदा जात नाही."

"का? अभ्यासाला घाबरलीस?"

"नाही."

"मग लग्न ठरलं?"

"मास्तर!" तिचा आवाज चढला आणि लगेच फुटला. "तुमची मापं चुकतात. दर वेळी पाच मिलिमीटर कमी. तीन वर्षं मी वाढवून कापतेय. मी गेले तर तुमचं कसं होणार?"

मास्तरांच्या हातातलं काम थांबलं.

"म्हणजे ते तू मुद्दाम करत होतीस?"

"म्हणजे?"

"अगं बये, कृत्रिम पाय जरा आखूडच ठेवतो आपण. नाहीतर पाऊल पुढे टाकताना पंजा जमिनीला अडतो. हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी तुला सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"मग मीच गाढव."

"मास्तर, मी किती लोकांना पाडलं असेल?"

"एकालाही नाही. दार लावून मी आत काय करत होतो, असं वाटतं तुला? प्रत्येक नळी काढायची, पाच मिलिमीटर उडवायची, परत बसवायची. म्हटलं, पोरीचा करवतीवर हात बसत नाहीये. आज बसेल, उद्या बसेल."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला असतास. तुझा स्वभाव मला माहीत नाही होय?"

तिला हसू आलं, रडूही आलं, आणि स्वतःचा सपाटून राग आला. तीन वर्षं आपण या माणसाला सांभाळतोय अशी घमेंड होती, आणि तो रोज आपलीच चूक निस्तरत होता. इथलं आपल्यावाचून काही अडत नव्हतं. सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं, पण आधी नुसतं दुखलंच.

काका चहा घेऊन आले. तिने वही उघडून कोऱ्या पानावर लिहिलं: कार्डावर असेल तेवढंच. काकांनी मान डोलावली आणि करवत उचलली.

पावणेपाचला ऑफिसातल्या संगणकावर तिने 'यंदा येणार' वर क्लिक केलं. परत आली तेव्हा पेशंट नव्या पायाने दारातून बाहेर पडत होता, आणि मास्तर रिकामे हात मांडीवर ठेवून बसले होते.

"कळवलंस?"

"कळवलं. इतक्यात झालं तुमचं?"

"अर्ध्या वेळात झालं. एका फटक्यात बसला पाय."

"मग चांगलंच झालं की."

"कसलं चांगलं," मास्तर पुटपुटले. "तुझी नळी कापताना रोज तुझ्यावर मनसोक्त चिडायचो. आता मी चिडू कुणावर?"

"काकांवर चिडा."

"कसा चिडू?" मास्तरांनी मान वळवली. "त्याची नळी बरोबर आहे."