चाळीसपर्यंत मोजा

आधीच सांगून टाकतो, दारोदार फिरून धर्म सांगणारी माणसं मला आवडत नाहीत. आजही नाही. माणसाने आपला देव आपल्या घरात ठेवावा, दुसऱ्याची दुपारची झोप मोडू नये, एवढं माझं साधं म्हणणं आहे. मी औषधांच्या दुकानात दिवसभर उभा असतो. दीड ते साडेतीन मी झोपतो, आणि त्या वेळात देव जरी आला तरी त्याने चारला यावं.

टकटकबाई बरोबर दोनला यायची. हे नाव मी ठेवलेलं. दाराला घंटा असताना ती बोटाने तीनदा टकटक करायची. साठीच्या पुढची, पायात जाड तळव्यांचे बूट, खांद्याला झोळी, झोळीत पुस्तिका. चौथ्या वेळी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बाई, देवाला माझा पत्ता माहीत असेल तर तो स्वतः येईल. तुम्ही परत येऊ नका." ती हसली, "बरं" म्हणाली आणि गेली. परत खरंच आली नाही.

तेवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव असा की एकदा पेटलो की विझत नाही. दुकानासमोर चार मजल्यांच्या सहा इमारती आहेत. मी सहा पाट्या रंगवून घेतल्या: 'विक्रेते व धर्मप्रचारक यांना प्रवेश नाही. बोलावल्याशिवाय दार ठोठावू नये.' खाली 'सौजन्य' म्हणून माझ्या दुकानाचं नाव. जाहिरातही झाली आणि पुण्यही लागलं, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "पुण्याचं मला माहीत नाही." सहाही इमारतींनी पाट्या आनंदाने लावल्या.

याला आठ महिने झाले आणि मग तो दिवस आला.

दुपारी चारच्या सुमाराला एक बाई दुकानात आली. घरातल्या चपला, हातात पिशवीसुद्धा नाही, अंगठ्याला चिकटपट्टी. म्हणाली, "लवकर द्या, दूध ठेवून आलेय." चिठ्ठीवर सासऱ्यांसाठी पित्ताची गोळी होती, रोज रात्रीच्या जेवणाआधी एक. "आमच्या सासऱ्यांचं जेवण साडेसातला, सेकंदाचा फरक नाही," असंही ती म्हणाली. मी त्या वेळी साखरेच्या आजारावरच्या गोळ्यांचा नवा माल खणात लावत होतो. पट्टी दिली, पैसे घेतले, ती पळाली. चिठ्ठी तिची तिने नेली. नाव मी वाचलंही नव्हतं.

पावणेपाचला काउंटर पुसायला घेतला तर पित्ताच्या गोळ्यांची पट्टी तिथेच पडलेली. हातातला फडका तसाच राहिला. खणातल्या साखरेच्या पट्ट्या मोजल्या, एक कमी. पुन्हा मोजल्या, एक कमीच. दोन्ही पट्ट्या चंदेरी, दोन्हींवर हिरवा पट्टा. साखर उतरवायची ती गोळी सगळ्यात जोराची होती. ज्याला साखरेचा आजार नाही अशा म्हाताऱ्या माणसाने ती घेतली आणि रात्री झोपला, तर सकाळी उठेलच असं नाही. सव्वीस वर्षांत माझ्या हातून अशी चूक झाली नव्हती, आणि चिठ्ठी कुठल्या डॉक्टरची होती तेही मला सांगता आलं नसतं.

बायकोला दुकानात बसवलं आणि निघालो. दुधावरून एवढं नक्की होतं की बाई समोरच्या सहा इमारतींतलीच. सहा इमारती, प्रत्येकीत सोळा दारं.

दुसऱ्याचं दार वाजवणं हे काय प्रकरण असतं ते मला त्या संध्याकाळी कळलं. मी दार बडवायचो, दोन श्वास थांबायचो, पुढच्या दाराकडे पळायचो. निम्मी दारं उघडलीच नाहीत. दाराच्या भिंगातून कुणीतरी बघतंय हे कळायचं, पण दार बंदच. जी उघडली त्यांना शेजारी कोण राहतं याचा पत्ता नव्हता. एकाने फटीतून सांगितलं, "काही घ्यायचं नाही." मी म्हणालो, "मी विकायला नाही आलो." तो म्हणाला, "मग तर अजिबातच नको." आणि एक बाई आतूनच ओरडली, "खालची पाटी वाचता येत नाही का?"

खाली सौजन्यात मीच होतो.

सहा वाजून गेले. चार इमारती झाल्या होत्या आणि घशाला कोरड पडली होती. कोपऱ्यावरच्या बाकावर टकटकबाई बसली होती, बूट काढून पाय चोळत, शेजारी पाण्याची बाटली. दुसरी कोणतीही वेळ असती तर मी रस्ता बदलला असता. पण मी तिच्या शेजारी बसलो आणि तिने न विचारताच मला बाटली दिली. मग मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. चूक माझी, हेही सांगितलं. हे मी बायकोलासुद्धा धड सांगितलं नव्हतं.

तिने मला बोल लावला नाही, उपदेश केला नाही. तीन प्रश्न विचारले. सुनेचं वय काय? चार वाजता घरी होती म्हणजे कामाला कधी जात असेल? सासरे साडेसातला जेवतात, ते घड्याळाने का? मग झोळीतून एक लांबट वही काढली. इमारतवार, मजल्यावार, प्रत्येक दाराची एकेक ओळ, बारीक अक्षरात. मी डोकावलो. 'रात्रपाळी, पाचनंतर.' 'मूल झोपतं, हळू.' 'कुत्रा चावत नाही, नुसता भुंकतो.' पान उलटताना माझंही दार दिसलं: 'येऊ नका म्हणाले. दोनला झोपतात, माझी चूक.'

मी म्हटलं, "वही द्या, मी पळत जातो."

"वही नाही मिळणार," ती म्हणाली. "लोकांनी मला सांगितलंय, तुम्हाला नाही. दार दाखवायला मी येते."

"अहो, इथे जिवावर बेतलंय."

"म्हणूनच येते." तिने बूट चढवले आणि थांबली. "पण पाटी आहे. आठ महिने मी आत पाय ठेवलेला नाही."

"कुणी अडवलं तर मी बघतो."

"अडवायचा प्रश्न नाही. पाटीवर लिहिलंय, बोलावल्याशिवाय नाही. तुम्ही बोलावताय का?"

राग यायला हवा होता, पण आला नाही. "बोलावतोय," मी म्हणालो. "हात जोडून बोलावतोय."

तिच्या वहीत तीन दारं जुळत होती. पहिलं पहिल्याच मिनिटात उघडलं, पण ते सासरे मुलीकडे गेले होते. दुसऱ्या दारात सून होती, पण ती बाई नव्हती. तिने टकटकबाईला पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. सासरे दोन महिन्यांपूर्वी गेले होते. टकटकबाईने तिचा हात हातात घेतला आणि नुसती उभी राहिली. सात वाजत आले होते आणि मी जिन्यात एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतो. बाईंना ओढून न्यावं असं मला वाटलं, खोटं कशाला बोलू. बरोबर एक मिनिट ती थांबली, "मी पुन्हा येईन, तुम्ही बोलावलंत तर," म्हणाली आणि जिना उतरायला लागली. गुडघे दुखत असावेत, कठडा धरून उतरत होती, पण थांबत नव्हती.

तिसरं दार तिसऱ्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर डावीकडे. ते पाहून माझा धीरच सुटला.

"इथे मी येऊन गेलोय," मी म्हणालो. "साडेपाचला. कुणी नाही घरात."

"किती थांबलात?"

"वाजवलं, थांबलो."

"किती?"

दहा मोजले असतील, तेही घाईत.

तिने तीनदा टकटक केली आणि दोन पावलं मागे आली. मलाही बाहीला धरून मागे घेतलं. "भिंगातून आपण पूर्ण दिसलो पाहिजे. हात पुढे ठेवा, लपवू नका. आता मोजा."

"किती?"

"चाळीस. म्हाताऱ्यांनी स्वतः सांगितलंय. घड्याळं दुरुस्त करायचे ते. खुर्चीतून दारापर्यंत चाळीस सेकंद, मोजून."

मी मोजायला लागलो. दहाला वाटलं, कुणी नाही. वीसला खात्री झाली. पंचविसाव्याला मी पुन्हा दार बडवायला हात उचलला, तिने तो खाली केला. "आत्ता वाजवलंत तर ते घाई करतील आणि पडतील." एकतिसाव्याला आतून काठी टेकल्याचा आवाज आला. मग घासत येणारं पाऊल. अडतिसाव्याला साखळी निघाली.

दारात बारीक अंगाचे, पांढरी दाढी नीट कापलेले आजोबा. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. टकटकबाईकडे बघत राहिले.

"तुम्ही आहात?" ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही गेलात."

"कुठे जाणार?"

"कुठे म्हणजे? वर."

मी मधेच शिरलो, दुसरा उपायच नव्हता. "आजोबा, पित्ताची नवी गोळी. घेतलीत का?" त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सात एकवीस. "अजून नऊ मिनिटं आहेत," ते म्हणाले. टेबलावर झाकलेलं ताट होतं, पाण्याचा पेला होता आणि छोट्या वाटीत एक गोळी काढून ठेवलेली. सून पाचच्या पाळीला जाताना काढून ठेवून गेली होती. शेजारी पट्टी होती. मी तिच्यातल्या गोळ्या मोजल्या, नऊ. वाटीतली धरून दहा. मग मात्र मी आजोबांच्या खुर्चीत मटकन बसलो, त्यांना न विचारता, आणि चारचौघांत रडू नये एवढंही भान मला राहिलं नाही.

खरी पट्टी दिली, चुकीची खिशात घातली. आजोबांच्या फोनवरून सुनेला कामावर फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं. ती मला फाडफाड बोलली. मी ऐकून घेतलं. तिचं एकही वाक्य चूक नव्हतं.

साडेसातला आजोबा जेवायला बसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांची खुर्ची दाराकडे तोंड करून आहे.

"आठ महिने आला नाहीत," ते घास घेता घेता टकटकबाईला म्हणाले.

"खाली पाटी लागली."

"कसली पाटी? मी दोन वर्षं खाली उतरलो नाही. कुणी लावली?"

टकटकबाई खिडकीबाहेर बघायला लागली. तिने नाव घेतलं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

"मी लावली," मी म्हणालो.

आजोबांनी घास खाली ठेवला. आवाज चढवला नाही. "दर रविवारी यायच्या या, साडेदहाला. दुसरे येतात ते वाजवून निघून जातात. मी दाराशी पोचेपर्यंत जिना रिकामा. आठ महिने मी समजत होतो, बाई वारल्या."

मी उठून त्यांच्या पेल्यात पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी मी स्क्रू काढायचं हत्यार घेऊन तिसऱ्या इमारतीच्या दाराशी गेलो. टकटकबाई तिथेच भेटली आणि म्हणाली, "काढू नका. इथल्या लोकांना हवी आहे ती. त्यांना नको असेल तरच." म्हटलं, बाई, तुमच्यासाठीच काढतोय. "माझ्यासाठी नको. लोक नको म्हणाले तर नको, हेच तर माझं काम आहे." मी इमारतीच्या प्रमुखाला गाठलं. तो म्हणाला, सोळाच्या सोळा घरांच्या सह्या आणा. पाटी लावताना त्याची एकट्याची सही पुरली होती, काढायला सोळा.

म्हणून गेल्या आठवड्यात मी, दुपारची झोप सोडून, एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर फिरलो. दार वाजवून दोन पावलं मागे, हात पुढे. एकाने विचारलं, "कसला प्रचार करताय?" एकीने माझ्या तोंडावर दार लावलं. आतून लोक मला बघत होते आणि मी बाहेर उभा राहून मोजत होतो. दहाव्या दारानंतर कान गरम झाले. त्या बाईने हे तीस वर्षं केलंय, उन्हात, गुडघे दुखत असताना, आणि शंभरातल्या नव्वदांनी तिला हाकलल्यावरही ती वहीत लिहिते, 'माझी चूक.' माझ्याने एक इमारत होईना. तीन दिवस गेले तेव्हा पंधरा सह्या झाल्या. अट अशी घातली त्यांनी की तिने एकटीने यावं, घरच्या कुणी नको म्हटलं की परत येऊ नये. मी म्हणालो, ते तिला सांगायची गरज नाही.

शेवटचं दार मुद्दाम राखून ठेवलं होतं. तीनदा टकटक केली, मागे झालो, मोजायला लागलो. आजोबांनी सही केली, अक्षर बारीक आणि सरळ.

"मग आता पटलं का तुम्हाला तिचं?" त्यांनी विचारलं.

"एक अक्षर पटत नाही."

"मलाही नाही. चार वर्षं तिला समजावतोय की देव नसतो. ऐकतच नाही." त्यांनी कागद परत दिला आणि दार लावता लावता थांबले. "रविवारी पाठवा तिला, साडेदहाला. आणि तिच्या वहीत दुरुस्ती करायला सांगा. आता पंचेचाळीस लागतात."