पहिल्या रांगेतली खुर्ची

समुद्र आमच्यापैकी कुणीच आधी पाहिला नव्हता. आईचं मागणं एवढंच होतं, की परत जायच्या आधी एकदा पाय पाण्यात बुडवायचे. भावोजी ते रोज टाळत होते. आधी ऊन, मग गर्दी, मग गाडीच्या सीट. "एकदा वाळू आत गेली की वर्षभर निघत नाही," ते म्हणाले. गाडी त्यांची, बेत त्यांचा, त्यामुळे ताई गप्प.

शेवटच्या सकाळी हॉटेलच्या खुर्च्या पाण्याकडे तोंड करून मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत जागा अडवायला टाकलेले टॉवेल होते, माणूस एकही नव्हता. भावोजींनी एक टॉवेल शेजारच्या खुर्चीवर भिरकावला आणि बसले.

"तिथे आईला बसू द्या ना," मी म्हणाले. गुडघ्यामुळे तिला लाटांत उभं राहणं शक्य नव्हतं. पाण्याजवळ बसायला मिळालं तरच जमणार होतं.

"आणि सामान कोण बघणार? आई, तुम्ही मागेच बसा. समुद्र तिथूनही तेवढाच दिसतो."

"दिसतो हो," आई म्हणाली आणि बॅगांपाशी बसली.

थोड्या वेळाने खुर्चीवाला आला. "साहेब, जरा उठता? खुर्ची मागे घ्यायचीय."

"ज्याचा टॉवेल आहे त्याला पाठव माझ्याकडे."

"टॉवेलचं नाही हो, सगळीच रांग..."

"हात लावू नकोस. पुन्हा इथे दिसलास तर मॅनेजरला सांगेन."

खुर्चीवाल्याने मान हलवली आणि बाकीची रांग टॉवेलांसकट मागे नेली. भावोजी एकटेच पुढे उरले, आणि त्यांना ते आवडलेलं दिसलं. बूट काढून त्यांनी खुर्चीखाली ठेवले, एका बुटात गाडीची किल्ली टाकली, टोपी तोंडावर ओढली.

मी वाळू पाहत होते. शेवाळ आणि फुटक्या शिंपल्यांचा एक पट्टा किनाऱ्याला समांतर गेला होता. मागची भरती तिथवर आली होती. पट्टा भावोजींच्या बराच मागे होता आणि पाणी पुन्हा चढत होतं. काही लाटा आखूड, मध्येच एखादी लांब. मी खुर्चीवाल्याकडे पाहिलं. त्यानेही माझ्याकडे पाहिलं.

"त्या पट्ट्यावर एक खुर्ची ठेवाल?"

"काकूंसाठी? ठेवतो की."

आम्ही दोघांनी धरून आईला तिथे बसवलं.

"ह्यांना उठवू का गं?" ताईने हळूच विचारलं.

"उठव. झोपमोडीची बोलणी तूच खा."

ताई आपल्या हाताला क्रीम चोळत राहिली.

लांब लाट खुर्चीखालून गेली तेव्हा भावोजी धडपडत उठले. एक बूट वाळूत रुतला होता. दुसरा तरंगत थोडा पुढे गेला, कलंडला आणि बुडाला. किल्ली त्यातच होती. गुडघाभर पाण्यात शिरून त्यांनी बराच वेळ चाचपलं.

"तुला दिसत नव्हतं?" ते माझ्यावर ओरडले. "एवढी शिकलीस ना?"

"दिसत होतं."

"मग तोंड शिवलं होतं का?"

"तुम्ही खुर्चीवाल्याचं ऐकलंत का?"

त्यांनी खुर्चीवाल्याला शोधलं. तो लांब उभा राहून छत्र्या मिटत होता.

"दुसरी किल्ली घरी आहे," ताई म्हणाली. "माझ्या दिरांना फोन करून मागवावी लागेल. म्हणजे आज काही निघणं होत नाही."

"बरं," आई म्हणाली. तिने चपला काढून मांडीवर घेतल्या आणि पुढच्या लांब लाटेची वाट पाहू लागली.