रिकामे गोल

चेंग बेंगच्या दिवशी पिनांगच्या त्या टेकडीवर सगळे आपापल्या पूर्वजांची थडगी साफ करायला येतात. सिओक हून यंदा नुसती बसून राहिली. सहा केमोंनंतर झाडू उचलायचंही त्राण नव्हतं. मांडीवर इस्पितळातून आणलेला वंशावळीचा कागद होता. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, काळा केला की कर्करोग. आईकडचे गोल लिहून झाले होते, एकही काळा नाही. वडिलांकडचे सगळे कोरे. आजोबांच्या दगडावर मुलगे-नातू ठळक कोरलेले. लेकींची नावं घालायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"आत्या, तुमच्याकडच्या बायका कशानं गेल्या, तेवढं सांगा."

आत्या संत्री मांडत होती. "हा रोग तुझ्या आईनं आणला. तुझी ताई गेली तेव्हाच म्हटलं होतं आम्ही."

म्हटलं होतं खरं. तेव्हापासून बारा वर्षं आईनं पाठवलेला मोदकासारख्या लाल कुएंचा डबा न उघडता परत जात होता. आजही तो बाजूलाच पडला होता.

"आईचं रक्त तपासलं. काही निघालं नाही." सिओक हूनला आता भांडायचाही कंटाळा आला होता. "पेशींतली मोडतोड दुरुस्त करणारं एक जनुक असतं. आमचं बिघडलेलं आहे, ते बाबांकडून आलं. त्यांना काही झालं नाही, पण आम्हाला दिलं. तुमच्यातही असेल. मग तुमच्या ले पेंगमध्येही असू शकतं."

"माझ्या पोरीचं लग्न ठरलंय! सासरी कळलं तर?"

"मला आजारी पडल्यावर कळलं, आत्या. ताईला कळलंच नाही."

पूर्वजांसाठी पेटवलेले सोनेरी कागद जळत राहिले. आत्यानं पेन्सिल मागितली.

"माझ्या दोन्ही आत्या. छातीचंच. सांगायची चोरी होती." तिनं दोन गोल काळे केले. तिसऱ्यापाशी हात थांबला. "आणि आमची धाकटी बहीण बी चू. अंडाशयाचं. पोट फुगून गेली. आम्ही सगळ्यांना सांगितलं, वारा भरला." तोही गोल काळा झाला.

खाली ले पेंगचा गोल रिकामा होता. आत्या त्याच्याकडे बघत राहिली.

"कधी आणू तिला तपासायला?"

"सोमवारी. तुम्हीही या."

जिंकल्यासारखं काहीच वाटलं नाही. सिओक हूनला फक्त घरी जाऊन झोपायचं होतं. आत्यानं आईचा डबा ओढला, दोन कुए आजोबांपुढे ठेवले, एक स्वतःच्या तोंडात घातला.

"गोड कमी घालते हल्ली," ती चावत म्हणाली. डोळे भरले होते.

"हल्ली नाही, आत्या. पहिल्यापासून एवढंच घालते."