पडदे ओढलेलं घर

आमच्या कॉन्वी गावाचा कोट सातशे वर्षांपूर्वी इंग्रज राजाने आम्हा वेल्श लोकांना बाहेर ठेवायला बांधला. आता कोटाच्या आतली घरं इंग्रजच सुट्टीपुरती विकत घेतात, आणि दुरुस्तीची ठोकठोक आमच्या कानांशी. शेजारच्या दारावर पाटीच होती: काम सोमवार ते शुक्रवार आठ ते सहा, शनिवारी एकपर्यंत, रविवारी बंद. सगळं कायद्यात बसणारं. भांडायचीही सोय नाही.

मधल्या भिंतीच्या अलीकडे माझा भाऊ इदवाल अंथरुणाला खिळलेला. फार तर महिना, असं डॉक्टर नेस्टावहिनीला म्हणाले होते. वहिनीने ते मला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, म्हणजे गल्लीभर झालंच. त्याला मात्र वाटत होतं की पोटात साधा व्रण आहे, दोन महिन्यांनी ईस्टरला पुन्हा बोटीवर जाऊ. मला हे लपवणं अजिबात पटत नव्हतं, पण नवरा तिचा.

मंगळवारी त्याचा जरा डोळा लागावा म्हणून वहिनीने सकाळीच रस्त्याकडचे सगळे पडदे ओढले. थोड्याच वेळात हातोडे थांबले.

"देवाला दया आली बाई," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी निवांत चहा प्यायली.

तेवढ्यात दार वाजलं. बांधकामाचा मुकादम एमलिन, एका हातात टोपी, दुसऱ्यात बायकोने दिलेला मनुकांचा ब्रेड. यंत्रांपाशी जन्म गेलेला माणूस, बोलतो ते ओरडूनच.

"नेस्टाताई, फार वाईट झालं! पडदे बघितले नि पोरांना म्हटलं, हत्यारं खाली ठेवा. माती होईपर्यंत खिळासुद्धा ठोकणार नाही. सुटला बिचारा!"

दिवसाउजेडी पडदे ओढले की घरात मयत झालं, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. आम्हा दोघींना ते सुचलं नाही. डोकी फिरली होती आमची.

"कोण सुटला?" वरून इदवालचा आवाज आला.

एमलिन पांढराफटक पडला.

"कुणी नाही! झोप तू," वहिनी ओरडली.

"एमलिन, वर ये."

आम्ही तिघंही वर गेलो. इदवाल उशीला टेकून बसला होता.

"काय झालंय रे मला?"

"व्रणच आहे की," एमलिन म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

इदवालने वहिनीकडे पाहिलं. "ईस्टर गाठीन का मी?"

ती त्याचं पांघरूण सारखं करायला लागली.

"परवा आपल्या लाउरीचा कॅनडाहून फोन आला. निघू का म्हणाली पोरगी. मी म्हटलं, आता नको, ईस्टरला ये." त्याला दम लागला. "तू शेजारीच उभी होतीस, नेस्टा. ऐकत होतीस."